मुंबईच्या वाईट दिवसांचा खर्च कोणी भरला?



मुंबईच्या हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे. तिथे उतरले की कापसाचे बोंडही दिसत नाही. पण रुईचा भाव अजून तिथल्या बाजाराच्या इमारतीतून निघतो, आणि तोही खंडीत बोलला जातो. खंडी म्हणजे ३५६ किलो. आमच्या गावात कोणीही या मापाने कापूस विकत नाही. आम्ही क्विंटलने घालतो, सरकीसकट. आमच्या मालाचे मोजमापसुद्धा आमचे नाही, इथपासून मुंबईची गोष्ट सुरू होते.

शाळेत आम्हाला शिकवले की मुंबई इंग्रजांनी वसवली. कोळ्यांची, भंडाऱ्यांची ती सात बेटे १६६८ साली कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाली, हे खरेच. पुढे चीनकडे कापूस आणि अफू पाठवून तिथले व्यापारी गब्बर झाले, हेही खरे. पण शहराच्या अंगावर मांस चढले ते आमच्या काळ्या रानातल्या कापसाने.

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. योगायोग म्हणा हवे तर. पण १८६७ साली रूळ नागपुरापर्यंत पोचले, आणि खामगाव-अमरावतीला खास कापसासाठी फाटे काढले गेले. वऱ्हाडातल्या माणसाला प्रवासाची सोय व्हावी म्हणून कोणी एवढे लोखंड अंथरले नव्हते.

दरम्यान १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि मुंबईत कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. चार वर्षे शहरात पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. जी जमीन अजून पाण्याखाली होती तिच्या शेअरांवर सट्टा चालला. खोटे कशाला बोला, त्या चार वर्षांत काही शेतकऱ्यांच्या हातातही चार पैसे खुळखुळले. सावकारानेही हात सैल सोडून कर्ज दिले.

१८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे वाजले, १८६८ पर्यंत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. पण शहराचे सगळे बुडाले नाही. भराव घातलेली जमीन राहिली, बंदर राहिले, इमारती उभ्या राहिल्या. तेजीचा राजा म्हणवणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशातून पुढे आपल्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उठला. तो आजही घंटा देतो. शेतकऱ्याकडे काय राहिले? कर्जाचे कागद. त्यात सरकारने सारा वाढवलेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दंगा इतर गावांत, नगर जिल्ह्यातही पसरला. मुंबईतला बुडबुडा हे त्याचे एकटे कारण नव्हते, पण त्याचा हिशेब या आगीत आहेच.

मुंबईचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. चांगले दिवस शहरात राहतात, वाईट दिवस गावाकडे पाठवले जातात.

कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्यांचे जंगल झाले. कोकणातला, घाटावरचा शेतकऱ्याचा पोरगा तिथे साच्यावर उभा राहिला, एका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपले. बायको-पोरे गावाला, कारण गिरणीचा पगार कुटुंब पोसण्याइतका नव्हताच. म्हातारपण, आजारपण, बाळंतपण सगळे गावाच्या भाकरीवर. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो माणसे गावाकडे पळाली. रोग हटल्यावर शहराने त्यांना पुन्हा बोलावून घेतले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. महिने लोटले तसे कामगार गावी परतले, आणि कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यांनी त्यांना पोसले. इथे आम्ही आमचीही चूक सांगतो. कापसाचा भाव आम्ही मागत होतो, मजुरीचा भाव ते मागत होते. एकाच सुताची दोन टोके, पण त्यांना वाटले कापूस महागला तर गिरणी बुडेल, आणि आम्हाला वाटले ते पगारदार, त्यांचे आमचे काय.

गिरणी बुडाली ती कापसाच्या भावाने बुडाली का? तिच्याखालची जमीन सुतापेक्षा महाग झाली होती. ५८ गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जागा. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि फक्त मोकळ्या पडलेल्या जागेचीच वाटणी उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. त्याआधी २००५ मध्ये सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जागा सुमारे दोन हजार कोटींना विकल्या. आता तिथे काचेचे मनोरे आहेत. घरासाठी दीड लाखाच्या वर कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले, पहिली सोडत निघाली २०१२ साली, आणि आजवर घर मिळाले ते थोड्यांना.

नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. शहापूर तालुक्यात जा. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा-भातशाच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ज्यांच्या दारात धरण, त्यांच्या हातात हंडा.

आमच्या ज्वारीच्या पट्ट्यातली माणसे १९७२ च्या दुष्काळात मोठ्या संख्येने मुंबईला गेली. जालना, बीड, उस्मानाबादकडची ती कुटुंबे नाक्यावर उभी राहून मजुरी शोधू लागली. फुटपाथवरच्या माणसाचा जगण्याचा हक्क रोजीरोटीशी बांधलेला आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मान्य केले, आणि त्याच निकालात पालिकेला नोटीस देऊन त्याला हटवण्याची मोकळीकही ठेवली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात, त्यात दहातली चार माणसे झोपडपट्टीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठी पहिले पाणी शिरले ते अशाच घरांत. मिठी नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी कळले म्हणतात.

२०२० च्या टाळेबंदीत तीच वाट पुन्हा भरली. आमची पोरे कसारा घाट चढून चालत आली. गावाने पुन्हा भाकरी घातली आणि कोणी बिल पाठवले नाही.

मुंबईला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. दहा एकर कोरडवाहूत तीन भाऊ भागत नाहीत हे आम्हाला दुसऱ्याने सांगायला नको. पण जाणारा पोरगा एकटा जातो आणि आपण त्याची नोंदही ठेवत नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या गावची किती माणसे मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेलकडे आहेत, कोणते काम करतात, खोलीचे भाडे किती भरतात, गावाकडे किती पाठवतात, आणि २०२० मध्ये किती जण परत आले होते. बाया किती, हेही वेगळे लिहावे. कागद बैठकीच्या सकाळीच टेबलावर द्यावा, दुपारच्या चर्चेत तोच विषय घ्यायचा आहे.