तामियाचा लेपर्ड : जुना आहे, पण पुरा होतो



रणगाड्याचं प्लास्टिक किट चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं यावर माझं एका मित्राशी कायमचं भांडण आहे. तो खोका उघडला की सुटे भाग मोजतो. मी एवढंच विचारतो, पुरं झालं का? माझ्या कपाटात हजाराच्या वर भागांचं एक नवं किट पाच वर्षं पडून आहे. पट्ट्याच्या कड्या एकेक करून जोडताना बाविसाव्या कडीला मी हात टेकले, ते आजतागायत. त्याच कपाटातलं तामियाचं लेपर्ड २ए६ मात्र (१/३५, किट क्रमांक ३५२७१) मुलाबरोबर सहा शनिवारांत झालं. बाजारात येऊन त्याला वीस वर्षं उलटली आहेत, तरी माझं मत त्याच्याच बाजूने.

आधी फूटपट्टी काढा. ए६ ची खरी ओळख म्हणजे लांब तोफ. १२० मिलिमीटर व्यास, लांबी ५५ कॅलिबर, म्हणजे ६.६ मीटर. भागिले ३५ केलं की जवळजवळ १९ सेंटिमीटर. आधीच्या ए५ ची ४४ कॅलिबरची नळी याच प्रमाणात १५ सेंटिमीटरची होते. चार सेंटिमीटरचा फरक, पण सगळा तोंडावळा बदलतो. कुठलंही ए६ घ्या, हे माप आधी पाहा, बारीकसारीक हुक-कड्या नंतर. (१/३५ हा आकडा तरी कुठला शास्त्रशुद्ध? तामियाने १९६१ साली पँथर काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा केला. नंतर मोजलं तर ते प्रमाण साधारण १/३५ निघालं, आणि सगळं जग त्याच्या मागे गेलं!)

आता पट्टे. तामिया ते मऊ प्लास्टिकचे अख्खे देते. मित्र म्हणतो, खऱ्या पट्ट्याला वजनाने झोळ येतो, तो यात दिसत नाही. बरोबर आहे. पण लेपर्डच्या बाजूला चिलखती झालर असते. पट्ट्याचा वरचा भाग तिच्यामागे जातो, म्हणजे जिथे झोळ दिसायचा तोच झाकलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या शर्मनला हा आक्षेप मी मान्य करीन, इथे नाही. जे कुणी बघणार नाही त्यासाठी दोन आठवडे घालवायचे की नाही, ज्याने त्याने ठरवावं.

खरी खोट वेगळीच आहे आणि ती मोठी आहे. खऱ्या रणगाड्यावर माणसं जिथे पाय ठेवतात तिथे घसरू नये म्हणून खरखरीत लेप असतो. तामियाचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. आजच्या किटला हे शोभलं नसतं. उपाय सोपा आहे: बिजागऱ्या, काचा, जाळ्या टेपने झाका, पुट्टी पातळ करा आणि जुन्या ब्रशने टोचत टोचत लावा. रंगवायच्या आधी हे केलंच पाहिजे, नाहीतर कितीही चांगला रंग द्या, खेळणंच दिसतं. रंगाला तामियाचेच नाटो हिरवा, तपकिरी आणि काळा, एक्सएफ-६७, ६८, ६९. त्यातला काळा मुद्दाम राखाडीकडे झुकलेला आहे, तो तसाच राहू द्या. शुद्ध काळा एवढ्या लहान वस्तूवर भोक पडल्यासारखा दिसतो.

दुसरी खोट मुलाने काढली. बुरुजावरची झाकणं उघडी ठेवता येतात, पण आत पोकळ. त्याने विचारलं, "बाबा, यात माणसं कुठे बसतात?" मग कागदावर काढून दाखवलं. चालक पुढे उजवीकडे, बुरुजात कमांडर आणि गनर उजवीकडे, लोडर डावीकडे, आणि चालकाच्या शेजारी २७ गोळे. तो म्हणाला, "मग आग लागली तर?" २०२३ मध्ये जर्मनीने युक्रेनला हेच १८ ए६ दिले, आणि त्या जूनमध्ये शेतात निकामी पडलेल्या लेपर्डचे फोटो त्याने पाहिले होते. माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "घरात तोफा कशाला आणता?" हे बायकोचं जुनं म्हणणं, त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण तिचं चुकतंय असंही मला वाटलं नाही. लहानपणी नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलेले आपण सगळे तोफेला हात लावून आलो. आत कोण बसायचं हे मी तरी कुणाला विचारलं नव्हतं. आतली बसायची जागा दाखवणारी किट निघतात, महाग असतात, आणि आता मला ती उगाच वाटत नाहीत. मित्राला हा एक मुद्दा मी देऊन टाकला.

बाकी सुट्टीत पुतण्या-भाच्यांसाठी नेणार असाल तर किट बॅगेत खुशाल टाका, पण गोंद आणि थिनर विमानात चालत नाहीत, ते ज्वालाग्राही. विमानतळावर काढून ठेवतात. तिकडेच घ्या.