पंचनामा कोण करणार?

२ ऑक्टोबर २०२३ची रात्र. सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटच्या एका चौकात रस्ता ओलांडणाऱ्या बाईला एका मोटारीने उडवलं. ती मोटार माणूस चालवत होता. तो थांबला नाही, पळून गेला. बाई शेजारच्या लेनमध्ये फेकली गेली आणि तिथे येत असलेल्या दुसऱ्या गाडीखाली सापडली. या दुसऱ्या गाडीला चालकच नव्हता. ती जनरल मोटर्सच्या मालकीच्या 'क्रूझ' कंपनीची रोबोटॅक्सी होती. तिने ब्रेक लावला आणि ती थांबली. मग पुन्हा चालू लागली.

धक्का बाजूने बसला, असा अर्थ गाडीच्या संगणकाने लावला होता. अशा धक्क्यानंतर वाहतूक अडू नये म्हणून गाडी कडेला घ्यायची, असं त्याला शिकवलेलं होतं. त्याने शिकवलेलं केलं. कडेला जाताना खाली अडकलेली बाई सुमारे २० फूट फरपटली. डावीकडच्या कॅमेऱ्यात तिचे पाय दिसत होते, पण गाडीखाली माणूस आहे हे यंत्राच्या लक्षात आलं नाही. ती वाचली, गंभीर जखमा घेऊन.

यावरून 'यंत्रापेक्षा माणूस बरा' असा निकाल देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्या बाईला आधी उडवून पळालेला माणूसच होता. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक जीव गेले. ते सगळे माणसांनी चालवलेल्या वाहनांच्या रस्त्यांवर. थकवा, दारू आणि मोबाइल यांपासून मुक्त असा चालक कोणी घडवत असेल, तर त्या प्रयत्नाला तुच्छ लेखता येत नाही. गुगलच्या घरातली 'वेमो' आज फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसमध्ये चालकाविना प्रवासी नेते. २०२५च्या वसंतात तिच्या आठवड्याला अडीच लाख भाड्याच्या फेऱ्या होत होत्या.

खरा प्रश्न त्या रात्रीनंतरच्या सकाळचा आहे.

३ ऑक्टोबरला क्रूझचे अधिकारी सरकारी यंत्रणांना भेटले. बाई फरपटत गेली, हे तोवर कंपनीतल्या शंभराहून अधिक लोकांना ठाऊक होतं. अधिकाऱ्यांनी ऑनलाइन बैठकांत अपघाताची चित्रफीत लावली. चित्रफितीतूनच सगळं कळेल, असं त्यांनी ठरवलं होतं. इंटरनेट अडखळत होतं, चित्र तुटत होतं, आणि फरपटल्याची गोष्ट तोंडाने कोणी सांगितली नाही. कंपनीने पुढे स्वतःच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत हे बाहेर आलं. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला चालकविरहित गाड्यांचा परवाना थांबवला. नोव्हेंबरमध्ये संस्थापक काइल व्होग्ट पायउतार झाले. केंद्रीय रस्ता सुरक्षा यंत्रणेला दिलेल्या लेखी अहवालातही फरपटल्याचा उल्लेख नव्हता. तो अहवाल खोटा होता, अशी कबुली कंपनीने वर्षभरानंतर न्याय खात्यापुढे दिली आणि ५ लाख डॉलर दंड भरला.

जनरल मोटर्सच्या या उद्योगावरच्या खर्चापुढे हा दंड काहीच नव्हे. २०१६मध्ये तिने क्रूझ विकत घेतली. याच काळात तिने भारतातून काढता पाय घेतला. २०१७मध्ये इथली गाड्यांची विक्री बंद झाली आणि २०२०च्या अखेरीस तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही थांबलं. तिथल्या कामगारांच्या घरांत ते वर्ष अजून आठवत असेल. रोबोटॅक्सीवर मात्र पैसा वाहत राहिला. अध्यक्ष मेरी बारा यांनी २०३०पर्यंत क्रूझपासून वर्षाला ५० अब्ज डॉलर उत्पन्नाची आशा दाखवली होती. १० डिसेंबर २०२४ला कंपनीने हा व्यवसाय सोडत असल्याचं जाहीर केलं, तोवर १० अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाले होते.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी २०२३मध्ये नागपुरात सांगितलं की चालकविरहित गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. ही चिंता रास्त आहे. रिक्षा-टॅक्सीवर किती घरं चालतात, हे मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण नोकरीच्या मुद्द्यापुढे दुसरा एक मुद्दा मागे पडतो, आणि तो तितकाच गंभीर आहे.

आपल्याकडे अपघात झाला की पोलीस येतात, पंचनामा होतो, साक्षीदार बोलतात, चालकाचा जबाब घेतला जातो. चालक खोटं बोलू शकतो, पण त्याला उलट प्रश्न विचारता येतात. चालकविरहित गाडीत सगळं पाहणारा साक्षीदार म्हणजे तिचे कॅमेरे आणि सेन्सर. तो साक्षीदार कंपनीच्या सर्व्हरवर असतो. ज्याच्यावर दोष येऊ शकतो, पुरावाही त्याच्याच ताब्यात. रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला त्यातलं काहीच दिसत नाही. विमानाचा ब्लॅक बॉक्स उघडायचं काम आपण विमान कंपनीवर सोडत नाही, त्यासाठी स्वतंत्र तपास यंत्रणा असते. रोबोटॅक्सीच्या गंभीर अपघाताची संपूर्ण, न कापलेली नोंद त्याच दिवशी अशा यंत्रणेच्या हाती गेली पाहिजे. ही अट परवान्यातच असावी, आणि ती मोडली तर परवाना जावा. अपघातानंतर कंपनीच्या सचोटीची वाट पाहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

कॅलिफोर्नियात अशा कंपन्यांना जबाबदार धरण्याची सुरुवात कशी अडखळत होते आहे, ते सप्टेंबर २०२५मध्ये दिसलं. सॅन ब्रुनो गावाच्या पोलिसांनी नाकाबंदीच्या वेळी त्यांच्यासमोरच चुकीचा यू-टर्न घेणाऱ्या वेमोला थांबवलं. आत कोणी नव्हतं, त्यामुळे पावती कुणाच्या नावाने फाडायची हेच ठरेना. गाडी तशीच सोडावी लागली. त्यांच्या राज्याने २०२४मध्येच मंजूर केलेला कायदा जुलै २०२६पासून अशा वेळी थेट कंपनीला नोटीस देण्याची मुभा देतो. मात्र ती नोटीस मोटार वाहन विभागापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कंपनीचीच आहे.