पाद्र्यांच्या शाळेत भडगावचा मुलगा

जून 1961 मध्ये भडगावच्या एका आडत व्यापाऱ्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलास पुण्यास नेऊन कॅम्पातील पाद्र्यांच्या शाळेत घालण्याचे ठरविले, तेव्हा त्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलले नाही. दादाजींचा प्रश्न सरळ होता. आपल्या मुलांसाठी चांदवडचा नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम 1928 पासून उभा आहे. तेथे विद्या मिळते आणि संस्कारही राहतात. मग क्रुसाच्या सावलीत मुलगा कशासाठी ठेवायचा?

वडिलांचे उत्तरही सरळ होते; पण ते दादाजींपुढे मांडण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते. मुंबईच्या कापूस पेढ्यांची पत्रे, विम्याचे कागद, बँकेचे खलिते, सारे इंग्रजीत येत असे. ते वाचून घेण्यासाठी त्यांना दर वेळी वकिलाच्या ओटीवर जाऊन बसावे लागे. वकील कामात असला की तास-तासभर. आपल्याच पैशाचा कागद दुसऱ्याने वाचून दाखवायचा, ही नामुष्की मुलाच्या वाट्यास येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

अशी इच्छा असलेल्या पालकांसाठी ही दारे काही वर्षांपूर्वी बंद होता होता राहिली होती, हे त्या वडिलांना बहुधा ठाऊक नसावे. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई सरकारने एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांखेरीज इतर मुलांस यापुढे प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स हायस्कूल चालविणाऱ्या संस्थेने आणि प्रवेश नाकारलेल्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. त्या पालकांत एक भारतीय ख्रिस्ती होते आणि दुसरे गुजराती हिंदू. उच्च न्यायालयाने आदेश अवैध ठरविला आणि त्याच वर्षी 26 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. बार्न्स ही कॅथॉलिक नव्हे, अँग्लिकन परंपरेची शाळा. पण त्या निकालाचा लाभ सर्वच मिशनरी शाळांकडे वळलेल्या व्यापारी घरांना झाला.

पुण्याच्या कॅम्पातील सेंट व्हिन्सेंट ही शाळा 1867 ची, येशूसंघीय पाद्र्यांची. इग्नेशियस लोयोला यांच्या या संघास 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि 1599 मध्ये त्यांनी आपल्या शाळांसाठी शिक्षणक्रमाची एक पक्की नियमावली घालून दिली. कोणत्या वर्गात काय शिकवायचे, उजळणी कशी घ्यायची, स्पर्धा कशी लावायची, हे सारे तीत होते. एखाद्या मोठ्या पेढीने आपल्या सर्व शाखांना एकच रोजकीर्दीची पद्धत लावून द्यावी, तसा हा प्रकार. पुण्यात या पाद्र्यांत जर्मन व स्विस मंडळी बरीच होती. 1961 मध्येच त्यांनी पाषाण रस्त्यावर लोयोला ही दुसरी शाळा सुरू केली. मराठी वाचकाने येथे हेही आठवावे की, गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स हे याच संघाचे होते. तो ग्रंथ 1616 चा आहे.

मुलाची सोय वसतिगृहात नव्हे, नाना पेठेत मामांकडे झाली. मामांचे धान्याचे दुकान होते, घरात कांदा-लसूण नव्हता, स्थानक जवळ होते. एवढ्या तीन गोष्टींवर दादाजी गप्प बसले. कजगाव स्थानकावरून मनमाड, तेथून दौंडमार्गे पुणे, असा प्रवास झाला. भडगावच्या शाळेत चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलास येथे पुन्हा चौथीतच बसविण्यात आले, कारण त्याला इंग्रजीचे एक वाक्यही धड येत नव्हते.

महिनाही झाला नव्हता तोच 12 जुलै आला. पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचेही धरण गेले आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. भडगावात बातमी पोहोचली ती एवढीच, की पुणे वाहून गेले. केलेल्या तारेस चार दिवस उत्तर नाही. वडील निघाले. दादाजी स्थानकात जाऊन बसले. त्या दिवसांत त्यांनी शाळेचे नाव एकदाही काढले नाही, हे घरातील सर्वांच्या ध्यानात राहिले. नाना पेठ उंचावर, तेथे पाणी आले नव्हते. वडील पोहोचले तेव्हा मामांच्या दुकानातून पूरग्रस्तांसाठी धान्याची पोती निघत होती आणि मुलगा पोत्यांवर आकडे घालीत उभा होता. पोत्यांवरचे आकडे इंग्रजी होते. वडील दोन दिवस राहिले आणि मुलास परत न नेताच भडगावला आले.

शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होई. नंतर कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणास जात आणि हिंदू, जैन, पारशी, बोहरी मुलांस नीतिशिक्षणाचा तास असे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलास धार्मिक शिक्षण देता येत नाही. ही तरतूद कोणी दादाजींना तेव्हाच समजावून सांगितली असती, तर घरातले ते तीन दिवस टळले असते. वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर चार रोमन अक्षरे लिहिण्याची मात्र कॅथॉलिक मुलांना सवय होती. ईश्वराच्या अधिक गौरवासाठी, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. भडगावच्या मुलाने ती पाहिली आणि आपल्या पानावर श्री लिहिले. दुकानातल्या वहीवर श्री असते, तर शाळेतल्या वहीवर का नसावे, असा त्याचा हिशेब. शिक्षकांनी ते पाहिले व काही न बोलता पुढचे गणित तपासले.

आवारात इंग्रजीखेरीज बोलणे नाही. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण रोज. चूक झाली की हातावर छडी. ती त्या काळी मराठी शाळांतही होती आणि तिचे समर्थन कोणी आज करू नये. परंतु तेथील नेमकेपणाने मुलास एक गोष्ट दिली: तारीख, समास, अधोरेखन, उत्तराखाली रेघ. मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले त्या वर्षांत आडतीवरचे जुने लोक गोंधळलेले असताना, दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या या मुलाने रूपांतराचे एक कोष्टक करून गादीमागच्या भिंतीवर चिकटविले. ते अनेक वर्षे तेथे होते.

अडचण खरी होती ती चौविहाराची. हिवाळ्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हॉकीचा खेळ तर तेव्हाच रंगात येतो. मामी मुलाचा डबा नोकराबरोबर मैदानावर पाठवीत. खेळ अर्धा टाकून मुलगा कडेला बसून जेवी, संघनायक चिडे. हे दोन-चारदा झाल्यावर खेळ पाहणाऱ्या पाद्र्याने चौकशी केली आणि त्यास नेहमी पूर्वार्धात खेळविण्यास सांगितले. याहून अधिक काही घडले नाही. दादाजींनी ही हकीकत ऐकली तेव्हा एवढेच विचारले, की तो पाद्री स्वतः केव्हा जेवतो.

शुक्रवारी कॅथॉलिक मुलांच्या डब्यात मांस नसे. त्या काळी तो त्यांचा नियमच होता. मुलाने मोठ्या कौतुकाने हे घरी सांगितले. मासळी चालते, हेही ओघात सांगितले. त्यावर दादाजींचे उत्तर घरात पुढे म्हणीसारखे झाले: “मासळी काय झाडाला लागते?”

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी हसण्यावारी नेली नाही. येशूसंघाचे पाद्री दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, स्वस्थ बसून आपल्या वर्तनाची तपासणी करतात. काय चुकले, कोठे चुकले, उद्या काय टाळायचे. मुलाने हे सांगताच दादाजी म्हणाले, “मग ते देवसी आणि राई प्रतिक्रमणच करतात की. वेळ तेवढी चुकली आहे.” दोन्हींत फरक पुष्कळ आहे, एकात क्षमा ईश्वराकडे मागितली जाते, दुसऱ्यात सर्व जीवांकडे. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाने परक्या धर्माचा साधक ओळखला, हे थोडे नव्हे. 1965 च्या ऑक्टोबरात व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य नाकारणार नाही, असे जाहीर केले; भडगावात ती बातमी पोहोचली नसावी. त्याच वर्षी शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि वर्गात सर्वांत आधी हात या मुलाचा वर गेला होता. सूर्यास्तानंतर तो तसाही जेवत नसे.

मार्च 1969 मध्ये मुलगा एस. एस. सी. झाला. नवकार सुटला नव्हता, संवत्सरीचा उपवास चुकला नव्हता. त्याच वर्षीच्या 19 जुलैस चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे तालुक्याच्या गावांत शाखा उघडू लागल्या, तेव्हा कर्जाचे अर्ज, तारणाचे करार स्वतः वाचून सही करणारा आडतीवरचा तो पहिला माणूस ठरला. वकिलाची ओटी सुटली.

सुटले आणखी एक. दादाजी सारी खाती महाजनी अक्षरात ठेवीत. काना नाही, मात्रा नाही. काकाजी अजमेरला गेले, हे पत्र काकाजी आज मेले असे वाचले गेल्याचा विनोद याच लिपीचा. सुट्टीत दादाजी नातवास ती शिकवू पाहत. चार अक्षरे होत, तोवर सुट्टी संपे. नातू पत्रे लिही ती देवनागरीत, नंतर सही इंग्रजीत होऊ लागली. सहीवरून दादाजी खरेच दुखावले. क्रुसाची त्यांना वाटलेली भीती फुकट गेली होती. जे जात होते त्याचा विचार घरात कोणीच केला नव्हता, त्यांनीही नाही.

दादाजी गेल्यावर गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याचा मुलगा पेढीवर आला. बापाने जुने देणे फेडले होते, पण पावती नव्हती. वहीत जमा असेल तर पाहावे, ही त्याची विनंती. वही निघाली. पान निघाले. इंग्रजी करार अस्खलित वाचणारा नातू त्या पानापुढे गप्प बसला. शेवटी पाचोऱ्याहून एका वृद्ध मुनिमास बोलावून आणले, त्याने बोट फिरवीत रक्कम वाचली, जमा निघाली आणि त्या घराची जमीन मोकळी झाली.

ते मुनीमही आता नाहीत. लाल कापडात बांधलेल्या वह्या भडगावच्या माळ्यावर आहेत. दर दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी सर्वांत वरच्या वहीवर कुंकवाचे बोट लागते आणि गाठ न सोडता ती पुन्हा वर ठेवली जाते.