खसखस चंद्रपुरातच राहिली

शारजाला निघायच्या आदल्या रात्री आम्हाला बांधलेल्या बॅगा पुन्हा उघडाव्या लागल्या. अम्मींनी सालनासाठी पाव किलो खसखस दिली होती. दुबईत राहून आलेल्या मामूंना फोनवर सहज सांगितले, तर ते ओरडलेच, "आधी ती पुडी काढा!" खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे. थोडेसे दाणे सापडले म्हणूनही माणसे अटकेत पडली आहेत. मग तयार मसाल्याची पाकिटेही आम्ही एकेक वाचली. अम्मी रुसल्या. खसखशीवाचून सालन दाट कसे व्हायचे?

शेजारच्या काकूंनी गडचिरोलीची चारोळी आणून दिली. जंगलातून फळे वेचायची, टणक कवच फोडून दाणा काढायचा, म्हणून ती महाग. आमच्याकडे ती फक्त शीरखुर्म्यात पडायची.

शारजात पहिल्या जुम्म्याला अर्धा किलो मटणाला दोन चमचे चारोळी भिजवून वाटली. सालन दाट झाले, पण जरा गोडसर. (तिखट वाढवायला आम्ही विसरलो.) उरलेली फ्रीजमध्ये ठेवली, कारण उष्म्याने ती खवट होते.

व्हिडिओ कॉलवर अम्मींनी पातेले नीट पाहिले. म्हणाल्या, "रंग बरा आलाय. पुढच्या वेळी अर्धा किलो चारोळी देते."