बाजार समितीचे मत कोणाचे?



गेल्या महिन्यात ओतूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव चालू होता. साठवणीच्या कांद्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात म्हणून मी गेलो होतो. एक मावशी हातात पट्टी घेऊन आल्या. म्हणाल्या, "सायेब, एवढं वाचून दावा." मी वाचली. पिशव्या किती, वजन किती, दहा किलोचा भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, सारे बरोबर होते. वरचे नाव मात्र त्यांच्या दिराचे! मालक जाऊन सहा वर्षे झाली, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर मावशींचे नाव लागले, कांदा लावला-काढला-निवडला त्यांनीच. पण गाडीबरोबर दीर येतो, तो आपले नाव सांगतो, तेच पट्टीवर चढते.

"पैसं मिळाल्याशी कारण," मावशी म्हणाल्या.

मी सहज विचारले, "बाजार समितीला मत कोणाला देता?"

"आमाला कुठलं आलंय मत?"

मावशी चुकल्या नव्हत्या. ज्याचा माल, त्यालाच मत नाही, हे कसे काय, ते आज सांगतो. मी नोकरदार माणूस, कोणत्याही पक्षाची तळी उचलायची नाही. झाले ते सांगतो.

आपल्या बाजार समित्या १९६३ च्या कायद्याने चालतात. पूर्वापार रीत अशी, की विविध कार्यकारी सोसायटीच्या संचालक मंडळाने आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी मते द्यायची आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडायचे. म्हणजे गावात हजार खातेदार असले तरी मते पंचवीस-तीसच. २०१७ साली फडणवीस सरकारने हे बदलले. ज्याच्या नावावर किमान १० गुंठे जमीन आहे आणि ज्याने पाच वर्षांत किमान तीनदा समितीच्या आवारात माल विकला आहे, त्या शेतकऱ्याला थेट मत मिळाले. २०१८ साली सोलापूर आणि बार्शीला शेतकरी रांगा लावून मतदान करून आले.

मग सरकार बदलले. २०२० साली ठाकरे सरकारने जुनी रीत परत आणली. कारण दिले खर्चाचे. एवढ्या मतदारांची निवडणूक घ्यायची तर लहान समित्यांचे कंबरडे मोडते, असे म्हणणे. भाजपने टीका केली, की शेतकऱ्याचा हक्क हिरावला. २०२२ च्या जुलैत शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा थेट मताचा निर्णय जाहीर केला. पण त्याच वर्षाअखेर गाडी वेगळ्याच वाटेला लागली. शेतकऱ्याला निवडणुकीला उभे राहता येईल, मत मात्र सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्यच देतील! २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यभर निवडणुका झाल्या त्या अशाच. अठरा जागांपैकी अकरा सोसायट्यांच्या मतांवर, चार ग्रामपंचायतींच्या, दोन व्यापारी-अडत्यांच्या, एक हमाल-मापाड्यांची.

दोन्ही बाजू शेतकऱ्याचेच नाव घेतात. पण एकाची सोसायट्यांवर जुनी पकड आणि दुसऱ्याला तिथे शिरायला वाट हवी, हेही तुम्हाला कळते. खर्चाचा मुद्दा मी अगदीच खोटा म्हणणार नाही. तो पैसा तुमच्या-आमच्या मालाच्या उलाढालीतूनच येतो. तरी माझे मत विचाराल तर काट्यावर ज्याचा माल चढतो त्याचे मत पेटीत पडावे. वजनात कडता कापला, पैसे द्यायला अडत्याने तंगवले, आवारात चिखल झाला, तर सोसते कोण?

आता नियम मुंबईत ठरतात, आपल्या हातात काय? पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, सोसायटीचे सभासद व्हा. बाजार समितीचे मत संचालकाला, आणि संचालकाला निवडणारे मत सभासदाला. इथेच पॅनेलवाले गडबड करतात. एका गावात (नाव कशाला घ्या!) समोरच्या गटाच्या पोरांचे सभासदत्वाचे अर्ज कपाटातून बाहेरच निघाले नाहीत. "अर्ज आलाच नाही," म्हणून मोकळे. पोरांजवळ पोच नव्हती. तुम्ही अर्जाची सही-शिक्क्याची पोच घ्या. नाही म्हणाले तर लेखी मागा आणि तालुक्याला सहायक निबंधकांच्या कचेरीत दाद मागा. निवडणुकीआधी कच्ची मतदार यादी लावतात, हरकतीला ठरावीक दिवस असतात. आपण यादी बघतो मतदानाच्या दिवशी! मग भांडून काय उपयोग?

दुसरी गोष्ट पट्टीची. ती आपल्या नावाची करून घ्या आणि पिशवीत घालून जपा. थेट मताचा नियम आला, गेला, पुन्हा येईलही. त्या दिवशी तीनदा माल विकल्याचा पुरावा म्हणून पट्टी उपयोगी पडेल. मावशींच्या घरच्या कांद्याचे पुण्य दिराच्या खात्यावर जमा होते आहे.

आणि कारभाऱ्यांनो, तुमच्यासाठी. घरात राबते ती, उताऱ्यावर नाव तुमचे एकट्याचे. ती ना सोसायटीत, ना समितीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, त्यापाठोपाठ १९९२ साली सरकारनेही निर्णय काढला. नवऱ्याने अर्ज केला, की सहहिस्सेदार म्हणून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागते. तलाठ्याकडे जाऊन विचारा. किती जणांनी केले, हे मी गावोगाव विचारतो तेव्हा मंडळी तंबाखू मळायला लागतात.

परवा पुन्हा ओतूरला गेलो. मावशी दुसरी खेप घेऊन आल्या होत्या. अडत्याच्या पोराने सवयीने दिराचे नाव लिहिले. मावशींनी ते खोडायला लावले. दीर ट्रॅक्टरवर बसून होता, काही बोलला नाही. सोसायटीचा अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही, पुढच्या सोमवारी मी त्यांच्या गावी जाणार आहे.

पुढच्या अंकात वखारीत कांदा का सडतो ते पाहू.