वरणभाताचा हिशोब कोण मांडणार?

गेल्या दिवाळीनंतर दांडिया बाजारातल्या एका काकूंनी आपले पाळणाघर बंद केले. अठरा वर्षे ते चालले. तिथे जेवूनखाऊन मोठी झालेली मुले आज कॉलेजात आहेत. वय झाले म्हणून थांबल्या असतील, असे समजून आम्ही भेटायला गेलो. काकूंनी खर्चाची वही पुढे केली. दूध, भाजी, गॅस, सगळे पैशापैशाने लिहिलेले. फक्त स्वतःच्या मेहनतान्याचा रकाना कोरा. “तो भरायला कधी काही उरलंच नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

तो रकाना कोरा ठेवण्यात आपला सर्वांचा हात आहे, म्हणून हा विषय मंडळाच्या पत्रिकेत मांडत आहोत.

हिशोब साधा आहे. समजा, पाच मुले आहेत, वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 7 आणि महिन्याचे दिवस 24. प्रत्येकी 3,000 रुपये घेतले तर 15,000 जमा होतात. सकाळी दूध आणि फळ, दुपारी तूप घातलेला वरणभात आणि पोळीभाजी, चार वाजता उपमा किंवा थालीपीठ. गॅस धरून एका मुलामागे दिवसाला 50 रुपये लावले, तरी 6,000 खर्च झाले. राहिले 9,000, आणि काम 240 तासांचे. म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये! वीज, साबण, औषधपाणी यातूनच. मदतीला बाई ठेवली, तर काकूंच्या हाती काय राहणार?

हे असे का होते? भिडेपोटी. शाळेची फी, व्हॅनचे पैसे, ट्यूशनचे पैसे आपण निमूटपणे भरतो. पण काकू ‘आपल्यातल्याच’ म्हणून त्यांच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. मे महिन्यात मूल आजोळी गेले की पैसे कापतो. न्यायला अर्धा तास उशीर झाला तर हसून वेळ मारून नेतो. आम्हीही हे केले आहे, हे कबूल करायला हवे.

पैसे कमी पडले की त्याची झळ मुलांच्या ताटाला लागते. डाळ पातळ होते, फळाच्या जागी बिस्किट येते. नाहीतर ‘डबा घरूनच द्या’ असे सांगावे लागते. मग एकाच्या डब्यात पराठा, दुसऱ्याच्या डब्यात वेफर, आणि दुपारभर रडारड. आमच्या मते जेवण पाळणाघरातच शिजावे आणि सर्वांना एकच असावे. आठवड्याचा बेत भिंतीवर लावावा. जेवणाचा खर्च आणि सांभाळण्याचा मोबदला असे दराचे दोन भाग पालकांना लेखी सांगावेत. सुट्टीतले पैसे आणि उशिराचा आकार पहिल्याच दिवशी ठरवावा. कोणत्या मुलाला काय सोसत नाही, हे पालकांनी लिहून द्यावे. आजीचा कितीही आग्रह असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, गुटीतूनसुद्धा नाही. लहान मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणेही देऊ नयेत. ते घशात अडकतात.

आता सरकारकडे वळू. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने केली. चांगलेच झाले. पण रावपुऱ्यातल्या दुकानात, लहान दवाखान्यात, खासगी वर्गांत काम करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना तिचा काय उपयोग? त्यांना आधार शेजारच्या काकूंचाच.

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तिथे मुलांचा विचार नवा नाही. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम याच गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने केले. अहमदाबादेत ‘सेवा’च्या प्रेरणेने मुले सांभाळणाऱ्या बायकांनी ‘संगिनी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली. मग आपल्याला एवढे का जमू नये?

मंडळाने पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींची बैठक बोलवावी आणि खाली जाऊ नये असा एक दर त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा. ज्या आईला तो परवडत नाही, तिचा फरक मंडळाच्या निधीतून द्यावा. सवलतीचे पुण्य समाजाने घ्यायचे आणि पैसे काकूंनी सोसायचे, हे आता पुरे. आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवार आपल्या सभागृहात हात जोडून येतील, तेव्हा घरगुती पाळणाघरांना साधी नोंदणी, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी आणि थोडे अनुदान देणार का, हे त्यांना भर सभेत विचारावे.

दांडिया बाजारातले ते दार आता बंद झाले आहे. दुसऱ्या कोणा काकूंचे दार बंद होण्याआधी तो कोरा रकाना भरू या.