हातांना काम हवे

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो. आमच्या शाखेतले जुने हेड कॅशिअर तिथे असतात. वय ऐंशीच्या पुढे, त्यात स्मृतिभ्रंश. त्यांनी मला ओळखले नाही. पण त्यांची बोटे मी ओळखली. अंगठा आणि तर्जनी पांघरुणाच्या काठावर एकसारखी फिरत होती. "दिवसभर चादर चिवडत बसतात हो," तिथली बाई म्हणाली. ते चादर चिवडत नव्हते, नोटा मोजत होते.

मी ऑफिसातून पाठकोरे कागद मागून घेतले, नोटेच्या आकाराचे कापले आणि गड्डी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर ठोकून सारखी केली आणि मोजायला लागले. आकडा मध्येच चुकत होता. पण अर्धा तास त्यांच्या चेहऱ्यावरची घालमेल थांबली होती.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक वॉकर उभा होता, प्लॅस्टिकही न काढलेला. मला आमचे डेड स्टॉक रजिस्टर आठवले. खुर्च्या, टेबले, कपाटे यांवर नंबर टाकायचे, वर्षातून एकदा पडताळणी करायची. वस्तू जागेवर असली की बरोबरची खूण. तिच्यावर कोणी बसते का, हा प्रश्न त्या रजिस्टरला नसतो.

वृद्धांच्या साधनांचा आपला हिशेबही असाच आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आणली. काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने गरीब ज्येष्ठांना मोफत मिळू लागली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' सुरू करून पासष्टीपुढच्या गरजूंना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये थेट बँक खात्यात देण्याचे ठरवले. दोन्ही योजना चांगल्याच. पण वॉकरची उंची माणसाच्या मनगटाशी जुळवून कोण देणार? तो वापरायला कोण शिकवणार? वाटपाचा आकडा जाहीर होतो, वापराचा होत नाही.

शिवाय ही यादी मुख्यतः चालणे, पाहणे, ऐकणे आणि चावणे यांची आहे. कायमचे वृद्धाश्रमात राहणाऱ्याचा दिवस मात्र हातांवर चालतो. घास तोंडापर्यंत नेणे, बटण लावणे, पेला धरणे. कंपवाताने किंवा संधिवाताने हात साथ देईनासा झाला की आपण लगेच भरवायला घेतो. भरवले की दहा मिनिटांत उरकते, स्वतः जेवू दिले तर पाऊण तास लागतो. एका बाईकडे दहा-बारा जण असले तर तिला तरी दोष कसा द्यावा? पण त्या वाचलेल्या वेळात माणसाचे एक काम कायमचे जाते.

त्यावरचे उपाय महाग नाहीत. चमच्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून तो जाड केला की आखडलेल्या बोटांत बसतो. ताटाखाली ओला नॅपकिन ठेवला की ते सरकत नाही. उभ्या कडेच्या थाळीत भात कडेला टेकवून उचलता येतो. पेल्याला दोन कान असले तर दोन्ही हातांचा आधार मिळतो.

उरलेल्या वेळाचे काय? नेदरलँडमध्ये १९७०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी मंद दिवे, संगीत, सुगंध आणि मऊ वस्तूंनी सजवलेल्या खोल्या निघाल्या. 'स्नूझलेन' हे त्यांचे नाव. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही त्या वापरात आल्या. आपल्याला खोली परवडली नाही तरी चालेल. जिने जन्मभर घर चालवले तिच्यापुढे तांदळाचे सूप ठेवावे, कापसाच्या वाती वळायला द्याव्यात, मटार सोलायला द्यावेत. शिंप्याला कापडाचे तुकडे, माळ्याला मातीची कुंडी. याने गेलेली स्मृती परत येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. काहींची तगमग कमी होते, एवढेच. आणि दोन पथ्ये पाळावी लागतात. तोंडात घातली जाईल अशी वस्तू देताना कोणीतरी जवळ बसावे. आणि लहान मुलांची खेळणी मोठ्यांच्या हाती देऊ नयेत. स्मृती गेली तरी अपमान कळतो.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. खाटा मोजताना तिथे हातांना काम देणारा एखादा प्रशिक्षित माणूसही मोजावा. आणि आपण? वृद्धाश्रमात जागा पाहायला गेलो की खोली हवेशीर आहे का, डॉक्टर येतात का, हे विचारतो. यापुढे आणखी एक विचारावे: इथली माणसे दिवसभर हातांनी काय करतात?

निघताना मी कागदांची गड्डी परत घेऊ लागलो. त्यांनी ती घट्ट धरली आणि म्हणाले, "अजून टॅली व्हायचीय." गड्डी तिथेच ठेवून आलो.